सड्यावरच्या रेड्याची शिंगं

आमच्या दाजीकाकाला वाकडं काही बघवत नाही. हा गुण म्हणायचा की खोड, यावर आमच्या घरात तीस वर्षं वाद चाललाय, आणि माझं मत विचाराल तर खोड. लग्नात भर मंगलाष्टकांच्या वेळी मांडवाचा खांब हलवणारा माणूस कधी पाहिलाय? मी पाहिलाय, माझ्याच लग्नात. सगळे अक्षता टाकतायत आणि हा खांबाला खांदा लावून उभा. वर मलाच सांगतो, "कलतो होतो गो, माका दिसत होतो." पंचायतीच्या ऑफिसात मला भेटायला आला की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करणार, मग खुर्ची सरळ करणार, मग बसणार. बसतो कसला, नुसता टेकतो. दोन मिनिटांत उठून दारापाशी.

चौदाव्या वर्षी चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, गेला. तेव्हा मशीन नव्हतं, सगळा चिरा हातानं काढायचे आणि हातानं तासायचे. काकाच्या हातचा चिरा गवंड्याला पुन्हा तासावा लागत नसे, हे अजून कसाल बाजारात जुने लोक सांगतात. मग पात्याची मशीनं आली, धूळ उडवत दिवसाला शेकड्यांनी चिरे कापायला लागली, आणि काका घरी बसला. म्हणजे लक्ष्मीकाकीच्या जिवाला घोर लागला. गोठ्याची पायरी तीनदा बदलली, तुळशीवृंदावन दोनदा. "ह्याच्या हातांका कायतरी काम देवा रे," असं ती देवासमोर उघड उघड म्हणायची.

आता सड्याचं सांगते. आमच्या वाडीच्या मागे चढ चढून गेलं की उघडा कातळ लागतो, मैलभर पसरलेला, तो सडा. त्या कातळात एक भलंमोठं जनावर खोदलेलं आहे. पाठ, पोट, शेपूट, चार जाड पाय, इतकं मोठं की त्याच्या पोटात आमचं अख्खं खळं मावेल. डोक्याकडची बाजू मातीखाली गेलेली होती, आमच्या आजोबांनीही ती कधी पाहिली नव्हती. पण जनावर कोणतं याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. तो राखणदाराचा रेडा. दरवर्षी पेरणीआधी गाव तिथं जमतो, नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो, की बाबा रे, गुराढोरांची, पोराबाळांची राखण कर. नारळ फोडायचा तोही त्याच्या पाठीपासून चार हात लांब, त्याला लागता कामा नये. गाऱ्हाणं गेली दहा वर्षं काकाच घालतो. गावात कुणाशी धड दोन वाक्यं न बोलणारा माणूस तिथं मात्र अर्धा तास देवाशी बोलतो.

त्याच सड्यावर विनीत चिरेखाण घालायला निघाला. विनीत आमचाच, पंचायतीचा सदस्य, शाळेत माझ्या मागच्या बाकावरचा. त्याला वाईट म्हणणार नाही मी. वाडीतली अर्धी तरुण मंडळी गोव्याला हॉटेलांत गेलीयत, त्यांना इथंच काम मिळेल, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खाण झाली की रेडा गेला. ग्रामसभेत ठराव यायचा होता, आणि काकानं जेवण सोडल्यासारखं केलं. रोज सकाळी ऑफिसात हजर. "भक्ती, कायतरी कर गो. तू कागदातली माणूस."

म्हणून मी मोबाइलवर फोटो काढले आणि पुण्याला, अशी कातळशिल्पं अभ्यासणाऱ्या शर्मिला मॅडमना पाठवले. आठव्या दिवशी त्यांचा फोन. आवाजात इतकी घाई की मीच बावरले. हे फार जुनं असू शकतं, हजारो वर्षांचं, तसं निघालं तर खाणीला परवानगी मिळणं कठीण आहे, मी येते, तोवर कुणी कशाला हात लावू नका.

आणि मी शहाणी काय केलं? संध्याकाळी काकाकडे गेले नि म्हटलं, "मॅडम येतायत. जरा डोक्याकडची माती काढून साफ करून ठेव." पाहुणे यायचे म्हणजे आपण खळं सारवतो, तसं. हात लावू नका म्हणजे मोडतोड करू नका, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात शिरला. त्या वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

काका तसा नुसता उठून जाणारा नव्हे. देवळात गेला, देवाला तांदळाचा कौल लावला, की रेड्याक साफ करू काय. देवानं उजवा कौल दिला, म्हणजे होकार. मग काय विचारता! चार दिवस माणूस घरी नाही. काकी डोक्यावरून पेज नेऊन देत होती. मी मार्चअखेरच्या कागदांत बुडालेली, एकदाही वर गेले नाही.

गुरुवारी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायात जाड बूट, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. विनीतही बरोबर होता. चढ चढून वर गेलो. रेडा लखलखत होता. एकेक रेघ दोन बोटं खोल, आतून ताजी लालभडक, कडा सुरीनं कापल्यासारख्या. आणि मातीतून मोकळं झालेलं डोकं, त्यावर मागे वळलेली दोन झोकदार शिंगं. काका बाजूला छिन्नी-हातोडी घेऊन उभा, चेहऱ्यावर असं समाधान की मला ओरडावंसं वाटलं.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. बोटानं रेघ चाचपली. बोटाला लागलेली लाल धूळ पाहिली. मग म्हणाल्या, "जुनी रेघ काळी पडलेली असते. दगडानं टोचून टोचून केलेली असते, त्या लोकांकडे लोखंड नव्हतं. ही लोखंडाची आहे. आणि चार दिवसांपूर्वीची आहे. हे कुणी केलं?"

विनीत हसला. "मॅडम, मी सांगतच होतो. ह्यात जुनं काय नाय. आमच्या दाजीनीच काढलेला सगळा."

काका बोलला असता "होय, मी फक्त साफ केलं," तर कदाचित निभावलं असतं. ग्रामसभेत त्याची बाजू घेणारे पुष्कळ होते. सगळं कबूल केलं तर रेडाही जाणार आणि गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे त्यालाही कळत होतं. छिन्नी या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. शेवटी त्यानं ती खाली ठेवली.

"रेघ जुनीच आसा, बाई. मी ती खोल केलंय. बुजत चललेली, म्हटला तुमका दिसूची. शिंगां तेवढी माझी."

"आधी काय होतं तिथं?"

"चूक होती. माती काढलंय तर डोक्यार शिंगां नायच. नाकार एक शिंग, वर उभा. रेड्याच्या नाकार शिंग आसता काय? म्हटला, काढणारो चुकलो असतलो बापडो. मी ता घासून काढलंय नि बरोबर करून ठेवलंय."

मॅडम घासलेली जागा शोधायला वाकल्या. मी मात्र भडकलेच. "अरे काका, साफ करायचा कौल घेतलेलास, शिंगांचा घेतलेलास काय?" त्याला अजूनही कळलं नव्हतं, त्यानं काय केलंय ते.

मॅडमनी पिशवीतून खडू काढला. "दाजी, तुम्ही जे पाहिलंत ते कातळावर काढून दाखवा. आठवेल तेवढंच. आठवणार नाही ते काढू नका."

काका उन्हात तापलेल्या कातळावर ओणवा झाला. माणसाची अक्षरं चार इयत्तांची, पण दगडावरची रेघ तो विसरत नाही. लांब जबडा काढला. नाकावर उभं शिंग. त्यामागं एक आखूड टेंगूळ. उभे कान. मानेला दोन आडव्या घड्या. "ह्या घडये कित्याक ता माका कळला नाय," म्हणाला.

मॅडमनी फोनवर एक चित्र शोधून त्याच्यापुढे धरलं. "हा गेंडा. इथं एकेकाळी होता. तुमच्या सड्याखाली तेव्हा दलदल असेल, उंच गवत असेल. ज्यांनी हे काढलं त्यांनी नांगर धरलेला नव्हता, भात पेरलेलं नव्हतं, रेडा दावणीला बांधलेला नव्हता. त्यांचा देव कोण होता, ते याला पूजत होते की घाबरत होते, आम्हाला माहीत नाही. त्यांनी जे पाहिलं ते काढून ठेवलं, एवढंच त्यांचं आपल्याकडे उरतं. ते चुकले नव्हते, दाजी."

काका खडू ठेवून तिथंच बसला.

"पण मॅडम," विनीत म्हणाला, "गेंडो टीव्हीवर पण दिसता. काकानी सांगितला म्हणून झाला?"

"नाही झालं," मॅडम म्हणाल्या. "मला अहवालात दगड दाखवावा लागतो. यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवते, पण तो अहवालात चालणार नाही."

ग्रामसभा सोमवारी. काका तसाच बसलेला, आणि खरं सांगते, त्याला इतका वेळ एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग खाली मान घालूनच तो म्हणाला, "शेपटीकडची आणखी एक रेघ मातीत गेली हा. करवंदीच्या जाळीखाली. थंयसर मी पोचूकच नाय."

तीन दिवस मॅडम आणि त्यांची पुण्याहून आलेली दोन विद्यार्थी मुलं जाळी तोडून माती काढत होती. कुदळ नाही, फावडं नाही, लाकडी पट्ट्या आणि ब्रश. काका चार हात लांब बसायचा, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कुणी ब्रश जरा तिरका धरला तरी त्याचा खांदा हलायचा. "माका हात लावूक देव नको हां," असं मलाच बजावायचा. काकीनं आणलेला चहा घ्यायलासुद्धा हात बाहेर काढेना, म्हणून ती करवादली, "मगे पाजू काय तुका?" नवरा इतका स्वस्थ बसलेला तिनंही पाहिला नव्हता, ती मला हळूच म्हणाली, ह्याका ताप तर नाय मां?

रविवारी दुपारी मॅडमनी हाक मारली. मातीखालून रेघा निघाल्या होत्या. काळ्या, बोथट, टोचून टोचून केलेल्या. आईमागं पिल्लू चालावं तसं, मोठ्याच्या शेपटीला नाक लावून एक छोटं जनावर उभं होतं, आखूड पायांचं. मानेला दोन आडव्या घड्या. आणि नाकावर, नुकतं फुटायला लागावं तसं, बोटभर शिंग.

विनीतनं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि उभा राहून म्हणाला, "उद्या ठराव मांडणंय नाय मी." मॅडम फोटोंवर फोटो घेत होत्या. मी काकाला मिठी मारायला वळले, तर तो जागेवर नव्हता.

तो पिल्लापाशी गुडघे टेकून बसला होता. हात पाठीमागे बांधलेले. गाऱ्हाणं घालतो त्याच आवाजात, पण गावासाठी काही न मागता, तो त्याला सांगत होता, "बाबा रे, तुझ्या आवशीचा तोंड मी बिघडवलंय."