न पोचवलेला फोटो
पिकल्या खरबुजाचा वास आला की मला पुणतांब्याचा गोदाकाठ आठवतो. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात निकाल लागला. माझा मित्र बी.ए. झाला आणि मी नापास. नगरच्या स्टुडिओतला पदवीधरांचा भाड्याचा काळा झगा घालून त्यानं फोटो काढला आणि दुसऱ्याच दिवशी नोकरीसाठी मुंबईला निघाला. जाताना म्हणाला, "फोटो तयार झाला की आईला नेऊन दे रे. झग्यातला मी तिला बघायचाय." फोटो मी आणला. वाटेत दहादा पाहिला आणि दर वेळी आतून जळलो. त्याची आई नदीच्या वाळूत खरबुजांची वाडी राखत बसली होती. लांबूनच ओरडली, "आणला का फोटू?" मी म्हणालो, "मावशी, ज्या काचेवर फोटो घेतला ती काच स्टुडिओत फुटली. फोटो निघालाच नाही." पदराला पुसलेले हात तिनं तसेच मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "जाऊ दे लेकरा. तुजा तरी दाखव." "मी नापास झालो." "मंग काय झालं? बस, खा." तिनं निवडून सगळ्यात गोड खरबूज मला कापून दिलं. सदऱ्याच्या आत फोटो पोटाला चिकटला होता, आणि मी ते संपवलं. फोटो अजून माझ्या ट्रंकेत आहे. मावशी कधीच वारली. मित्र मात्र भेटला की आजही हळहळतो, "तेवढी काच फुटायला नको होती रे."