घागरीवरचं मडकं

नाना माशांची भांडणं सोडवत नसत, त्यांची घरं हलवत. धुळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आणि बाहेरच्या खोलीत काचेची लांबलचक टाकी. तिच्यात काळ्या पट्ट्यांचे मासे. बोटाएवढे, पण दुसऱ्याची शेपटी आपल्या कोपऱ्यात दिसली की अंगावर धावून जायचे. अशा तीन जोड्या नानांनी एकाच पाण्यात नांदवल्या होत्या. मध्ये दगड उभे करून प्रत्येक जोडीच्या मडक्याचं तोंड वेगळीकडे वळवलेलं. "दारसमोर दार ऊनं का भांडण ऊनं," समोरासमोर दारं आली की भांडण आलंच, असं म्हणत ते आमच्या गल्लीकडे हात करत.

मडकी आखाजीची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर एक लहान मडकं ठेवतात. सण झाला की नाना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ते मागून आणत, बाजूला भोक पाडत आणि आडवं करून टाकीत ठेवत. मादी त्यात अंडी घालायची. कुणाच्या आजोबांच्या मडक्यात पिल्लं झाली, की नाना त्या घरी सांगून येत. लोक हसत, पण बघायलाही येत.

अक्का, म्हणजे त्यांची बायको, दिवसभर माशांच्या नावाने बोटं मोडायची आणि पिल्लं झाली की उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून तीच चारायची. पिल्लं असताना नाना टाकीत कुणाला बोटही बुडवू देत नसत. घर हललं की नर पिसाळतो, मादीला सोडत नाही, हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

अक्का थंडीत गेली. आखाजीला नानांनी तिची घागर भरली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर ते तिच्या मडक्याला भोक पाडत होते. टाकीत जागा नव्हती. पुढच्या मडक्यात तर नुकतीच पिल्लं झालेली. अक्काचं ठेवायला नानांनी नेमकं तेच उचललं, कारण ती तिथेच बसून चारायची. पिल्लं आहेत, असं मी म्हटलं.

"माहीत शे माले," ते म्हणाले. "पन तिन्हं घर रिकामं कसाले ठेवू?"

संध्याकाळपर्यंत नराने मादीला कोपऱ्यात गाठून मारलं. पिल्लू एकही उरलं नाही. नाना टाकीसमोर बसून होते. "बठ्ठं माहीत व्हतं माले," सगळं माहीत होतं, एवढंच बोलले.

उरलेले मासे त्यांनी देऊन टाकले, पाणी काढलं. अक्काचं मडकं तेवढं आत राहिलं. कोरड्या टाकीकडे तोंड करून ते बसत आणि डबा तसाच परत येई. मला त्यांचा फार राग यायचा. पावसाळा संपायच्या आत तेही गेले.

टाकी आता माझ्याकडे आहे. यंदा त्यांची घागर पुतण्याने भरली. वरचं मडकं मी मागून आणलं, भोक पाडलं, अक्काच्या मडक्याजवळ ठेवलं. दोन्ही दारं समोरासमोर केली. भांडायला आता आहे कोण.