अर्धी बाटली

हिची दाढ काढून झाल्यावर आम्ही नाक्यावरच्या टपरीवर चहा घेतला. डॉक्टरणीनं गरम घेऊ नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा हिनं बशीत ओतून पार गार केला आणि मग तोंडाला लावला. डावीकडचा अर्धा ओठ बधिर. घोट घेतला की चहा हनुवटीवरून खाली.

"अहो, गळतोय का?"

"गळतोय."

"मग सांगायचं नाय का? लोकं बघत्यात."

"बघू दे. तुझं तोंड निम्मं बंद झालेलं त्यांनी कधी बघितलंय?"

हसायला गेली तर तोंड एकाच बाजूला गेलं. मी गळ्यातल्या उपरण्यानं तिची हनुवटी पुसली. भररस्त्यात बायकोचं तोंड पुसायची आमच्यात पद्धत नाही. पण पुसलं.

संध्याकाळी मऊ भात खाऊन झोपली ती सकाळी उठलीच नाही.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, झोपेत हृदय बंद पडलं, वय होतं, बीपी होतं. पोरगा मान हलवत राहिला. मला पटलं नाही. काल दुपारी बाईला सुई टोचली, आज सकाळी बाई गेली, आणि सुईचा काही संबंध नाही म्हणे.

कारण दाढ काढताना मी तिथंच स्टुलावर बसलो होतो आणि माझे डोळे उघडे होते. डॉक्टरणीनं हिला विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. बीपीची, मी सांगितलं. तिनं दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. हातात लाल चिठ्ठीची भरलेली बाटली होती, ती खाली ठेवली आणि मागून दुसरी काढली. ती अर्धीच होती. त्यातलं औषध सुईत ओढलं. दाढेला हात लावला तर ही ओरडली, म्हणून परत त्याच अर्ध्या बाटलीतलं टोचलं.

माझा जन्म द्राक्षबागेत फवारणी करण्यात गेला. मखमलाबादकडच्या बागा, दिंडोरीकडच्या बागा. आधी फोडलेली बाटली कोणाच्या बागेला जाते ते मला माहीत आहे. मालकाच्या बागेला नवी, वाट्यानं केलेल्याच्या बागेला उरलेली. एकदा मारून लागलं नाही की परत मारायचं. म्हटलं, इथंही तेच. साध्या लुगड्यातली म्हातारी बघितली आणि शिळं औषध काढलं.

हे मी सगळ्या गल्लीत सांगितलं. पिठाच्या गिरणीवर सांगितलं, दहाव्याला आलेल्यांना सांगितलं. पोरगा म्हणाला, "बाबा, पुरावा काय?" मी म्हटलं, तुझी आई.

आमच्या दारात तेलाच्या डब्यात अक्कलकाऱ्याचं झाड आहे. हिनं कळवणहून, माहेराहून आणलेलं. दाढ दुखली की त्याचं पिवळं बोंड चावायचं. जिभेला मुंग्या येतात, तोंडाला पाणी सुटतं, जरा वेळ बरं वाटतं आणि परत ठणका. हिनं महिनाभर तेच केलं होतं. आता शेजारची सून रोज येऊन बोंडं खुडायला लागली. पहिल्यांदा गाल जरा सुजला होता. मग सूज डोळ्याखालपर्यंत चढली.

"दवाखान्यात जा की," मी म्हटलं.

"कुठं जाऊ बाबा? तुम्हीच सांगता ना, तिथं सुईनं माणूस मरतं. सासूबाई नको म्हणतात."

ती बोंडं पदरात घेऊन गेली. मला जेवण गेलं नाही. माझं खरं असेल तर तिनं घरीच थांबावं. खोटं असेल तर त्या गालाचं काय? नक्की काय ते कळल्याशिवाय मला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

दुपारी दाताच्या दवाखान्यात गेलो. बाकडी रिकामी. डॉक्टरीण पोरीच्या वयाची. मला बघून उभी राहिली.

"बाबा, भांडायला आलात की दात दाखवायला?"

"आधी दात. दाढ हलतीये. काढ."

बीपी बघितलं. मला बीपी नाही. तिचा हात लाल चिठ्ठीकडे गेला.

"ती नको. आमच्या हिला दिली ती दे."

"तुम्हाला ती कशाला? तिचा असर लवकर उतरतो, दुखेल."

"मग तिला का दिली?"

ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. दोन्ही बाटल्या ताटलीत ठेवल्या. म्हणाली, बधिर करायचं औषध दोन्हीत एकच. ते नसेवर बसतं आणि दुखल्याचा निरोप वर जाऊ देत नाही. लाल चिठ्ठीत वर आणखी एक औषध असतं. ते तिथल्या रक्ताच्या वाहिन्या आवळून धरतं, म्हणून बधिरपणा टिकतो. पण त्यानं छातीत धडधड होते. "आजींचं बीपी त्या दिवशी चढलेलं होतं. म्हणून मी भरलेली ठेवून साधी घेतली. अर्धी म्हणजे शिळी नाही; ती आधी फोडलेली होती, लाल त्या दिवशी नुकतीच फोडली होती. सुई दरवेळी नवीच असते."

"आणि दोनदा का टोचलं?"

"दाढेखाली पू होता. पू असला की तिथं आम्लपणा वाढतो, औषध नसेत शिरत नाही. ओठ बधिर होतो, पण दाढ दुखतच राहते, म्हणून परत टोचावं लागलं."

फवारणीत आम्ही औषध चिकटून राहावं म्हणून त्यात स्टिकर घालतो, नाहीतर पानावरून ओघळून जातं. आणि पाणी खराब असलं तर चांगलं औषधही लागत नाही. हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण ऐकून पटणं वेगळं आणि अंगावर घेऊन बघणं वेगळं.

"पटलं. तरी तिचीच दे."

दिली. मी छातीवर हात ठेवून बसलो. धडधड रोजचीच. ओठ लाकडासारखा झाला. दाढेला चिमटा लावला तशी मुळाशी कळ गेली. हिलाही इथंच कळ गेली असणार.

"थांबू का?"

"तिला दिली तशी परत दे."

मग निघाली. येताना टपरीवर थांबलो नाही.

घरी बसून विचार केला. एका औषधानं एक वेल जळतो, शेजारचा जळत नाही. मला काही झालं नाही म्हणून हिला झालं नाही असं कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. पण त्या पोरीनं भरलेली बाटली खाली ठेवली ती हिच्यासाठी ठेवली, एवढं मला दिसलं. आता राग धरायला कोणी उरलं नाही, त्याचा त्रास मात्र दाढेपेक्षा जास्त झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दारात जाऊन म्हटलं, "सुनेला पाठवा. मी बरोबर जातो."

सासू म्हणाली, "तुम्हीच तर म्हणत होतात."

"म्हणत होतो. अजून डोळे उघडे ठेवून बसणार आहे."

दवाखान्यात मी त्याच स्टुलावर बसलो. सुनेचं बीपी बघून झालं. डॉक्टरणीनं बाटली उचलली तसा मी हात पुढे केला. तिनं ती माझ्या हातात दिली. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. मुदतीची तारीख बघितली, उजेडाकडे धरून आतलं औषध बघितलं, आणि बाटली परत देऊन म्हटलं, टोच.