कोरड्या चेहऱ्याचे पाणीवाटप

समितीत काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. तलावाच्या तळाशी गाळ साचावा, तसे ते आपोआप साचतात. सानगडीकडच्या आमच्या गावात तलावाचे पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाळीपाळीने मिळते. त्या पाणीवाटप समितीचा मी चिटणीस. माणसांचे बोलणे त्यांच्याच बोलीत देतो. उरलेल्या वाक्यांच्या शुद्धतेची जबाबदारी माझी!

*

आमचे अध्यक्ष दौलतभाऊ मूळचे हळवे. तीन वर्षांपूर्वी बालमित्र रडला, म्हणून त्याला त्यांनी एक दिवस जास्तीचे पाणी दिले. परिणामी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, शेवटच्या टोकाला असलेल्या सुमनबाईंची बांधी वाळली. सुमनबाईंनी दौलतभाऊंच्या डोळ्यांदेखत आपल्याच उभ्या धानात गुरे सोडली.

त्या दिवशी दौलतभाऊ मला म्हणाले, "आता मनाले मधात येऊच देत नाई."

मी म्हटले, "मन मधातच असते, भाऊ."

"मंग बाहेर काढतो!"

*

आणि खरोखरच काढले! पुढच्या हंगामापासून तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडले, की दौलतभाऊ कोणाच्याही घरी चहा घेईनात. लेक गावातच दिलेली. ती एकदा दारात आडवी आली.

"बाबा, माह्या घरी तरी घ्या!"

"तुह्या घरची बांधी आहे नहरावर."

"मंग जावयाले सांगू का, बांधी विका म्हणून?"

"सांग. विकली का येतो!"

*

नत्थूची बांधी नहराच्या तोंडाशी, आणि नत्थूचे तोंड साऱ्या गावाला ठाऊक. एका मीटिंगमध्ये त्याने दौलतभाऊंना सलग दहा मिनिटे शिव्या दिल्या. भाऊंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटी म्हणाले, "झालं? पुढचा नंबर."

नत्थू माझ्याकडे वळला. "चिटणीस सायेब, याले चिमटा घेऊन पाहा जरा, जित्ता आहे का!"

मात्र त्या वर्षी शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचले, हे मी रजिस्टरमध्ये अभिमानाने नोंदवले आहे.

*

यंदा मात्र निराळेच घडले. तुडुमाच्या बाजूने पाणी झिरपून चार दिवस नाल्यात वाहत होते. सुमनबाई रोज त्याच वाटेने जात. त्यांना ते दिसत होते.

"सुमन, काहून नाई सांगितलं?" दौलतभाऊंनी विचारले.

"सांगून का होते, भाऊ? तुमी म्हणता, नंबरानं बोला. माहा नंबर शेवटचा!"

मातीच्या पोत्यांनी आम्ही गळती बुजवली. परंतु उरलेले पाणी निम्म्याच बांध्यांना पुरणार होते. तोंडाकडच्या बांध्यांत ओल होती, त्या आठवडाभर तग धरू शकत होत्या. टोकाकडचा धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. त्याला पाणी आजच हवे होते. आणि नियमाप्रमाणे पहिली पाळी होती नत्थूची!

*

सकाळी आम्ही दोघे नत्थूच्या बांधीवर गेलो. पाणी आत शिरत होते.

दौलतभाऊंनी नेहमीच्या कोरड्या आवाजात सुरुवात केली, "पाणी कमी आहे. यंदाची पाळी तू सोडावी, अशी समितीची विनंती आहे."

"नियम कोणं बनवला? तुमीच ना? मंग मले कायले सांगून राहिले? माहा नंबर पयला!"

नियमाने नत्थूचेच बरोबर होते. मी परत जायला वळलो. दौलतभाऊ मात्र हलले नाहीत. तसेच पाण्याकडे पाहत उभे राहिले.

नत्थूने निरखून पाहिले. "भाऊ, जात काहून नाई तुमी?"

"मले भेव लागून राहिलं, नत्थू."

"कायचं भेव?"

"सुमनची बांधी यंदाही गेली, त मी तिच्यासमोर उभा नाई राहू शकत. गेल्या बारीची गुरं अजून दिसतात मले."

नत्थूने फावडे उचलले, आणि चार घावांत आपल्याच बांधीचे तोंड मातीने बुजवून टाकले. पाणी नहरात वळले.

"उभे काहून राहिले आता?" तो ओरडला. "चाला ना पाण्याच्या आगे! मधातल्या सात जणांले, पाळी सोडा म्हणून, का मी एकट्यानंच सांगू?"