तीन वेळा घर बंद

ग्रंथालयाच्या चित्रपट मंडळाचा शिरस्ता साधा होता. महिन्यातून एकदा सर्वांनी एकच चित्रपट पाहायचा, आणि पुढल्या रविवारी दुपारी चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याने फळ्यासमोर उभे राहून त्याचे परीक्षण करायचे. डाव्या अंगाला बलस्थाने, उजव्या अंगाला उणिवा. या खेपेला युद्धकाळातल्या प्रेमाचा साडेतीन तासांचा एक भव्य चित्रपट होता, आणि चिठ्ठी निघाली ती तारवाल्यांची. तारा केव्हाच बंद झाल्या, तारवाल्यांनाही निवृत्त होऊन बारा वर्षे लोटली. नाव मात्र अंगाला चिकटले ते चिकटलेच.

चित्रपट त्यांनी दोनदा पाहिला, वहीची सहा पाने भरली.

"एवढा अभ्यास शाळेत केला असतात, तर जन्मभर सायकल हाणावी लागली नसती," बायको म्हणाली.

मध्यंतरानंतरच्या एका प्रसंगापाशी मात्र त्यांची पेन्सिल अडली होती. नायिकेची बहीण अंगणात कपडे वाळत घालते आहे; एक तारवाला सायकलवरून येतो, तिच्या ओल्या हातात पाकीट देतो, आणि निघून जातो. चार सेकंद. दोन्ही वेळा त्यांनी मोजले होते. हे साफ खोटे होते, आणि ते किती खोटे आहे हे त्या सभागृहात त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक असणार नव्हते. पण खोटे का, ते सांगायचे तर खरे काय होते तेही सांगावे लागणार. आणि मंडळात तिसऱ्या रांगेत भूगोलाच्या बाई बसत असत; तारवाले शेवटच्या रांगेत बसत आणि सभा सुटताच सगळ्यांआधी निसटत.

बेचाळीस वर्षांपूर्वी, युद्ध चालू असताना आणि बाईंचे यजमान आघाडीवर असताना, बाईंच्या घरची तार त्यांनीच नेली होती. मृत्यूच्या तारेच्या पाकिटावर तारयंत्रावरचा कारकून कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची रेघ ओढी, म्हणजे उत्तरासाठी ताटकळायचे नाही हे नेणाऱ्याला कळे. त्या पाकिटावर रेघ होती. फाटकाशी सुईण भेटली, हातात घमेले, बाह्या वर सारलेल्या. "मुलगी झाली पहाटे. बाळंतीण अजून धोक्यात आहे. तार अभिनंदनाची असेल ना? मग दोन दिवस थांबेल की," ती म्हणाली. तारवाले "हो" म्हणाले आणि मागे फिरले. नियम असा होता की घराला कुलूप असेल तर नोंदवहीत 'घर बंद' असे लिहून तार परत आणायची. असे तीनदा चाले, चौथ्या दिवशी ती मोठ्या साहेबांपुढे जाई. खिडक्या सताड उघड्या आणि आतून तान्ह्या मुलीचे रडणे ऐकू येणाऱ्या त्या घरापुढे तारवाल्यांनी तीन दिवस 'घर बंद' लिहिले.

दुसऱ्या दिवशी तर खुद्द बाईंनीच त्यांना खिडकीतून हाक मारली होती. उशीला टेकून त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिले होते. "जाता जाता पेटीत टाकाल का? त्यांना मुलीचं कळू दे." तारवाल्यांनी ते घेतले. एका खिशात ते पत्र, दुसऱ्या खिशात ती तार, अशी त्यांनी टपालपेटीपर्यंत सायकल हातात धरून नेली. बसून चालवायचा धीर झाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तार दिली, सही घेतली. तारेवर तारीख असतेच. बाईंनी ती वाचली की नाही, या एका प्रश्नापायी ते बेचाळीस वर्षे बाई समोरून दिसल्या की गल्ली बदलत आले होते.

"पोटात ठेवून ठेवून ते काही जिरत नाही," रविवारी बायको म्हणाली. "आज ओठावर येऊ द्या. रागावतील, नाहीतर काय?"

"तोंडावर थुंकतील."

"मग रुमाल न्या."

सभागृहात वीसेक माणसे होती. अध्यक्ष होते औषधवाले, म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाचे जुने मालक. प्रत्येक गोष्ट ते पुडी बांधल्यासारखी आटोपशीर मागत. तारवाल्यांनी बलस्थाने नीट मांडली. बंदरावरची गर्दी खरी आहे, कारण तिथे प्रत्येक माणूस वेगळ्याच दिशेला पाहतो. इस्पितळातल्या लांब बोळाच्या दृश्यात दिग्दर्शकाने संगीत बंद ठेवण्याचे शहाणपण दाखवले आहे. निरोपाच्या वेळी नायक काही न बोलता बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधतो, एवढ्यात सगळे येते. मग उणिवा. परिचारिकेचा एप्रन साडेतीन तासांत एकदाही मळत नाही. दोघांची गाठ पडावी म्हणूनच जणू दोन देशांनी लढाई काढली आहे. मित्राचे प्रेमप्रकरण घुसडलेले आहे, आणि शेवटचा अर्धा तास संपता संपत नाही.

"चहा गार होतोय," मागून कोणी म्हणाले.

"एक उणीव राहिली," तारवाले म्हणाले. "तार देणारा चार सेकंदांत जात नाही. सही घ्यावी लागते, वेळ लिहून घ्यावी लागते. समोरच्याचा हात थरथरत असेल तर कागद आपण धरावा लागतो. आणि कधी कधी तो वेळेवर येतच नाही." मग त्यांनी सगळे सांगितले: निळी रेघ, सुईण, तीन वेळा घर बंद, खिशातले पत्र. कोणाच्या घरची तार, ते त्यांनी सांगितले नाही. तेवढ्याची गरजही उरली नव्हती, कारण ते सबंध वेळ तिसऱ्या रांगेकडेच पाहत होते.

भूगोलाच्या बाई सावकाश उठल्या.

"तारीख मी सहीच्या आधीच वाचली होती," त्या म्हणाल्या. "जन्मभर नकाशे शिकवले, मला आकडे आधी दिसतात."

तारवाल्यांनी खडू खाली ठेवला.

"रागावले होते. खोटं कशाला बोलू? पाच महिने तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग ते पत्र परत आलं, तसंच, न फोडलेलं. मी ते वाचलं आणि मला कळेना की हे लिहिणारी बाई कोण. एवढी खूश! तार पहिल्याच दिवशी दिली असतीत, तर ते पत्र लिहिलंच गेलं नसतं. माझ्या मुलीने बापाला पाहिलं नाही, पण तिच्या जन्माने तिची आई कशी हरखली होती, ते तिला त्या तीन पानांतूनच ठाऊक आहे. ती ते पत्र कुणाच्या हातात देत नाही, माझ्यासुद्धा. हे तुम्हाला कधीचं सांगायचं होतं. पण मी दिसले की तुम्ही गायब. मला वाटलं, माझ्या बोलण्याला भिता. शाळेत सगळेच भीत."

कोणीतरी हसले. तारवाल्यांना खुर्ची दिली गेली. रुमालाचा उपयोग त्यांनी स्वतःचे डोळे पुसण्यासाठी केला.

औषधवाल्यांनी खाकरून फळ्याकडे पाहिले. "मग ते चार सेकंद उणिवांत धरायचे ना?"

"उणिवांतच," बाई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिहा."

सभा सुटल्यावर दोघे एकाच रस्त्याने निघाले.

"तुम्ही वाचलं होतंत का ते पत्र?" बाईंनी विचारले.

"छे. पाकीट बंद होतं. आणि ते टपालखात्याचं काम. आमचं खातं वेगळं."

"मग ऐका," बाई म्हणाल्या. "पहिलं पानभर तर तक्रारच आहे, की इतके दिवस झाले, तुमचं पत्र नाही." आणि त्यांनी पुढले पान तोंडपाठ सांगायला सुरुवात केली, तसे तारवाल्यांनी आपले पाऊल त्यांच्या पावलाशी जुळवून घेतले.