अर्ध्या लुगड्यातली दमयंती

आष्टीच्या म्हस्कू मेंढक्याची बायको आसराबाई अशी होती, की मस्तीला आलेला एडका शिंगं धरून आडवा पाडायची. तिला एके दिवशी देशमुखांच्या माडीवरून बोलावणं आलं.

भुजंगराव देशमुखांनी सिकंदराबादेला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात मडमेची तसबीर पाहिली होती. मडम कुठल्याशा रानदेवीच्या वेषात, दंड उघडे, हातात धनुष्य. तेव्हापासून एकच खूळ: आपल्याही बायकोची तशी तसबीर हवी. हैदराबादेहून चितारी आणला. रूप ठरलं दमयंतीचं, नळानं अर्धं लुगडं फाडून नेल्यावर रानात निजलेल्या.

"पुराणातलीच तर आहे, त्यात वाईट काय?" देशमुख म्हणत.

देशमुखीण दुर्गाबाई चेहऱ्यापुरत्या बसल्या, पुढं साफ नाही म्हणाल्या. बाकीच्या अंगासाठी आसराबाई हवी होती.

"जाय. त्यायच्याच रानात मेंढरं चारून राह्यलो आपण," म्हस्कू म्हणाला. मान त्यानं वर केली नाही. त्या खाली घातलेल्या मानेचीच तिला पहिली शिसारी आली.

चितारी बिचारा गुमान रंग कालवायचा. पण देशमुख समोर खुर्ची टाकून पान चघळत बसत. "पदर आणखी खाली. हां, बराबर!" आणि पिकदाणीत पचकन थुंकत. घरी आल्यावर आसराबाई राखेनं अंग घासायची, तरी तो पानाचा वास जायचा नाही.

दसऱ्याला तसबीर माडीवर लागली. सोनं द्यायला आलेले पाहुणे तिच्यासमोरून हलेनात. सणाच्या कामाला बोलावलेली आसराबाई जिन्यापाशी पाण्याची घागर घेऊन उभी होती. वर दुर्गाबाईंचा चेहरा, खाली तिचं अंग. मेंढरानं फोडलेल्या कोपराचा वणसुद्धा तसाच. एका जाड्या पाहुण्यानं चुन्याचं बोट त्या दंडावरून फिरवलं नि सगळे खिदळले. देशमुखही खिदळले. दाराआड दुर्गाबाई उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून.

दुसऱ्या दिवशी आसराबाई सारवायला आली ती शेणाची पाटी घेऊन थेट माडीवर चढली. तसबिरीवर गळ्याखाली तिनं लपालपा शेण थापलं.

"काय करून राह्यलीस गं?" मागून दुर्गाबाईंचा आवाज आला.

"माझं झाकून राह्यले, बाईसाहेब. तुमचं तोंड ठेवलंय."

दुर्गाबाई बघत राहिल्या. मग बांगड्या वर सारून त्यांनी पाटीत हात घातला आणि तसबिरीतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर शेणाचा गोळा मारला. एक नव्हे, दोन.

देशमुख चाबूक घेऊन धावत आले. दुर्गाबाई आडव्या आल्या. "माझेही हात बघा. बायकोला चारचौघांत उघडी केलीत, तेव्हा लाज वाटली न्हाई?" गडी दारात जमले होते. देशमुखांचा उगारलेला हात खाली आला. तसबीर धुवायला घेतली, तर अजून पुरता न वाळलेला रंगही शेणाबरोबर निघाला.

म्हस्कूचं रान मात्र बंद झालं. दोघं मेंढरं हाकत मंठ्याकडं गेले. नवऱ्याला तिनं टाकलं नाही. पण त्याच्या मागून चालणं सोडलं. कळपाच्या पुढं ती, मागं तो.

म्हातारपणी सुना विचारायच्या, "आत्याबाई, तुमी लई देखण्या दिसल्या असान त्या तसबिरीत?"

"सोललेलं मेंढरू बघितलंस का?" आसराबाई म्हणायची. "तशी." आणि बाजूला थुंकायची.