सुखाने नांदत आहे

वकिलांच्या कार्यशाळेला मी जेवायला जातो, हे आमच्या इंदापूरच्या बाररूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. हजेरीची सही करायची, मागच्या रांगेत पंख्याखालची खुर्ची धरायची, ओळखीच्यांची ख्यालीखुशाली विचारायची आणि शेवटी प्रमाणपत्र हातात घेऊन फोटोत उभं राहायचं. शिकायचं ते शिकून झालं, असा माझा समज होता. त्यातून मृत्युपत्र म्हणजे तर माझा हातखंडा विषय. तालुक्यातले निम्मे म्हातारे माझ्याकडून कागद करून घेतात, असं मी चहाच्या टपरीवर सांगत असे.

त्यामुळे बारामतीला मृत्युपत्र आणि वारसा या विषयावर कार्यशाळा ठेवल्याचा निरोप आला तेव्हा मी नाक मुरडलं. पण सकाळच्या सत्राचं आभारप्रदर्शन माझ्याकडे दिलं होतं. माईक मिळणार म्हटल्यावर मी कोटाला इस्त्री केली.

शिकवायला पुण्याहून एक निवृत्त न्यायाधीश मॅडम आल्या होत्या. बारीक अंगाच्या, आवाज शांत. त्यांनी पडद्यावर मृत्युपत्रातलं एक वाक्य दाखवलं: 'माझे मुलीचे लग्न करून दिले असून ती तिचे सासरी सुखाने नांदत आहे.'

सभागृहात खसखस पिकली. हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या ओळखीचं. आमच्या सीनियरांच्या टाइपरायटरपासून चालत आलेलं. मृत्युपत्रात वडील मुलीला काही देत नसले की त्याचं कारण म्हणून ते घालतात, आणि पुढे पुढे ते कारणाशिवायही तसंच राहतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे ज्या माणसाच्या मृत्युपत्रात होतं, त्याची मुलगी लग्नानंतर काही महिन्यांत माहेरी परत आली होती. पुढची सगळी वर्षं तिनेच त्याचं केलं. मृत्युपत्रात त्याने सगळं तिलाच दिलं होतं. आणि त्याच कागदात, ती सासरी सुखाने नांदते आहे. भावाच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. स्वतःची मुलगी कुठे राहते हे ज्या कागदात चुकीचं आहे, तो कागद त्या माणसाने समजून घेऊन केला, असं कसं म्हणायचं?"

"मग?" पुढून कोणीतरी विचारलं.

"मृत्युपत्र टिकलं नाही. घराचे वाटे झाले आणि बाई घराबाहेर पडली." मग त्यांनी चष्मा काढला. "हे वाक्य ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तयार आहे, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. आणि त्याच क्षणाला मला भवानीनगरच्या पुढच्या एका वस्तीवरचे आबा आठवले.

आबांचं मृत्युपत्र मी नुकतंच केलं होतं. मुलाला त्याची जमीन त्यांनी आधीच वाटून दिली होती. तो पुण्याला असतो. आबांच्या नावावर उरलं होतं ते राहतं घर आणि त्याभोवतीची पेरूची बाग. ते दोन्ही त्यांना मुलीला द्यायचं होतं. ही मुलगी आता चाळिशी ओलांडलेली. नवऱ्याने लग्नानंतर वर्षाच्या आत तिला माहेरी आणून सोडलं, ती परत नेलीच नाही. बाग तीच बघते, आबांचं पथ्यपाणीही तीच. मी माझी नेहमीची फाइल उघडली, नावं बदलली, चतुःसीमा बदलल्या आणि प्रिंट काढली. ते वाक्य त्यात होतं. असणारच. ते माझ्या प्रत्येक मृत्युपत्रात असतं.

आधी मला मॅडमचाच राग आला. काय गरज होती हे उकरून काढायची? मग टाइपिस्टचा यायला लागला, पण मी टाइपिस्ट ठेवतच नाही. माझं काम मीच करतो, हेही मी टपरीवर अभिमानाने सांगतो.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर गेलो. तोंड सवयीने चालू लागलं. मॅडमच्या व्यासंगाला वंदन केलं, संयोजकांना धन्यवाद दिले आणि वर म्हणालो, "मॅडम, एक शब्द देतो. आमच्या भागातला वकील पक्षकाराच्या घरचा माणूस असतो. असा कागद आमच्या हातून होणे नाही!" टाळ्या पडल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी टाळ्या थांबेपर्यंत तिथे हसत उभा होतो.

जेवायला थांबलो नाही. गाडी काढली आणि इंदापूर रस्त्याला लागलो. पुढे उसाच्या ट्रॉल्या. एकीला मागे टाकावं तर पुढे दुसरी. आबांना दम्याने घेरलं होतं, हे मला माहीत होतं. मागच्या आठवड्यात दवाखान्यात नेऊन आणलं होतं. त्यांचं काही बरंवाईट झालं असेल तर त्या बाईचं घर माझ्या एका ओळीमुळे जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याबरोबर दुसरंही होतं: हे बाररूममध्ये कळलं तर? हा दुसरा विचार पहिल्याच्या शेजारी बसायला लाजत नव्हता.

वस्तीवर पोचलो तर आबा पडवीत बाजेवर उशीला टेकून बसलेले. जिवात जीव आला. मुलगी ओट्यावर पेरूंना फोमच्या जाळ्या चढवून क्रेटमध्ये भरत होती. "या वकीलसाहेब, अचानक?" म्हणाली आणि हात पुसत पाणी आणायला आत गेली.

ती आत आहे तोवर उरकावं म्हणून मी आबांच्या कानाशी लागलो. "आबा, मागच्या कागदात माझ्याकडून चूक झाली. ताई सासरी नांदते असं त्यात पडलंय. कागद नवीन करावा लागेल."

आबा चकित झाले नाहीत. दम घेत म्हणाले, "ठावं हाय मला. तुमी वाचलं तवा ऐकलं म्या."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "ती हितंच व्हती की. समद्यांला च्या देत व्हती. इतक्या वरसात कुणीतरी चारचौघांत तिला नांदती म्हणलं. मी बाप हाय. म्या न्हाय कसं म्हणू?"

त्या दिवशी मी पोथी संपवायची घाई असल्यासारखं भराभर वाचलं होतं. साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त गुरुजी आणि भवानीनगरचे डॉक्टर बसले होते. दोघांनाही तिची सगळी कहाणी माहीत. दोघांनीही ऐकलं आणि सह्या केल्या. आता फोन करून पुन्हा बोलावलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "आमाला वाटलं, कायद्याची भाषा असंल." लोक माझ्या कागदाला इतका मान देत होते, आणि मी तो वाचतही नव्हतो.

कॉम्प्युटर नव्हता, ते बरंच झालं. गाडीतले कोरे कागद काढले आणि कित्येक वर्षांनी मृत्युपत्र हाताने लिहायला बसलो. घर लिहिलं, बाग लिहिली. मग त्या जागी येऊन अडलो. खरं लिहायला हवं होतं आणि कोर्टात टिकेल असं लिहायला हवं होतं. 'राहते' एवढंच लिहून भागलं नसतं. का राहते ते यायला हवं. शेवटी लिहिलं: 'माझे मुलीस तिचे पतीने नांदविले नाही. ती तेव्हापासून माझेकडेच राहते व माझा सांभाळ करते.' लिहिताना पेन जड झालं होतं.

डॉक्टरांनी आबांना तपासलं, गुरुजी बाजेशेजारी खुर्ची ओढून बसले. वाचायची वेळ आली. मी मुलीला म्हणालो, "ताई, तुम्ही जरा बागेत जाता का? ज्याला मिळकत द्यायची त्याने समोर असू नये." ते खरंच तसं असतं. मॅडमनीही सकाळी तेच सांगितलं होतं. पण मी ते कायद्यासाठी म्हणत नव्हतो. तिच्यासमोर ते वाक्य वाचायची माझी हिंमत नव्हती.

ती उठली. ओट्याच्या पायरीवरून उतरताना वळली. "मोठ्यानं वाचा पण, वकीलसाहेब. मागल्या टायमाला लई भराभरा वाचलं तुमी."

तिला सगळं कळलं होतं. पाण्याचा तांब्या घेऊन ती दारात कधीपासून उभी होती, देव जाणे.

मी सावकाश वाचलं, प्रत्येक वाक्याला थांबून. आबा प्रत्येकाला 'व्हय' म्हणत होते. 'नांदविले नाही' आलं, तेव्हा ते गप्प झाले. डॉक्टर खाली बघू लागले. मला 'व्हय' ऐकायलाच हवा होता, साक्षीदारांसमोर, स्पष्ट. म्हणून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. ज्या बापाला आपल्या तोंडाने ते कधीच म्हणायचं नव्हतं, त्याच्याकडून मी ते वदवून घेत होतो, आणि ते माझ्या आळसापायी. आबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "व्हय. न्हाय नांदिवली."

सह्या झाल्या. डॉक्टर आणि गुरुजी गेले. मुलगी पेरूच्या झाडांतून परत आली, पदराने तोंड पुसत.

"झालं?"

"झालं, ताई."

"आता कुनी घरातनं काडणार न्हाय ना मला?"

"नाही. हा कागद पक्का आहे."

"आन् मागला?"

"तो रद्द झाला. फाडून टाकायचा."

ती आत गेली आणि ट्रंकेतून तो घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवला होता. माझ्या हातात देण्याआधी तिने तो क्षणभर तसाच धरून ठेवला.

"फाडा," ती म्हणाली. "पर ऐकायला बरं वाटलं व्हतं त्या दिवशी."

मी तिच्यासमोर तो फाडला. मान वर करून तिच्याकडे बघणं मला जमलं नाही.